व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड आहे, मग चॅट बाहेर कशा येतात?

सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईच्या चित्रपटसृष्टीतल्या काही जणांच्या व्हॉट्सॲप चॅट वृत्तवाहिन्यांवर रोज झळकत होत्या. त्यातल्या काही तर तीन वर्षं जुन्या होत्या. पाठवणारा आणि घेणारा सोडून तुमचे मेसेज कोणीच वाचू शकत नाही, अगदी व्हॉट्सॲपसुद्धा नाही, असं प्रत्येक चॅटच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. मग हे सगळं बाहेर आलं कुठून? तेव्हा पुष्कळांनी निष्कर्ष काढून टाकला की एन्क्रिप्शन वगैरे सगळं नावाला आहे, सरकारला सगळं दिसतं.

हा समज चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होतं. ‘तसंही सगळं दिसतंच’ असं मानणारा माणूस कसलीच काळजी घेत नाही. ‘काहीच दिसत नाही’ असं मानणारा भलत्या ठिकाणी निर्धास्त राहतो. म्हणून काय दिसतं, कोणाला दिसतं आणि कोणाच्या सहीने दिसतं, हे तीन प्रश्न सुटे करून पाहायला हवेत.

आधी एन्क्रिप्शन. 1976 मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. दोन माणसं पूर्वी कधी भेटलेली नाहीत, त्यांच्यातला शब्द न् शब्द तिसरा ऐकतो आहे, तरीही त्याच उघड बोलण्यातून ती दोघं एक गुप्त संख्या ठरवू शकतात आणि ती तिसऱ्याला कळत नाही. यामागचं गणित एका दिशेने क्षणात सुटतं. उलट दिशेने सोडवायला बसलं तर आजच्या संगणकांना कल्पनेपलीकडचा वेळ लागेल. आज व्हॉट्सॲप आणि सिग्नल ज्या पद्धतीवर चालतात तिचं मूळ या कल्पनेत आहे. तुमच्या फोनमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. एक किल्ली जाहीर असते, ती कंपनीच्या सर्व्हरवर जाते. दुसरी खासगी, ती फोन सोडून कुठेही जात नाही. मेसेज तुमच्या फोनमध्येच बंद होतो आणि थेट समोरच्याच्या फोनमध्ये उघडतो. वर किल्ल्या सतत बदलत राहतात, त्यामुळे आज एखादी किल्ली कोणाच्या हाती लागली तरी तिने कालचे मेसेज उघडत नाहीत.

व्हॉट्सॲपवर ही सोय एप्रिल 2016 पासून सगळ्यांसाठी आहे. ती तोडल्याचं आजवर कोणी दाखवून दिलेलं नाही. साधा फोन कॉल आणि एसएमएस यांना मात्र असं कवच नाही. ते टेलिकॉम कंपनीच्या यंत्रणेतून उघडेच जातात, आणि सरकारला ऐकण्याची सोय करून देणं ही तर परवान्याचीच अट आहे. टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथल्या नेहमीच्या चॅट एंड-टू-एंड, म्हणजे एका फोनपासून थेट दुसऱ्या फोनपर्यंत, एन्क्रिप्टेड नसतात, त्यासाठी ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावी लागते. ईमेलचंही तेच. जीमेलवरची पत्रं वाटेत सुरक्षित असतात, पण कंपनीच्या सर्व्हरवर त्यांची किल्ली कंपनीकडेच असते.

मग 2020 मध्ये झालं काय? एन्क्रिप्शन तुटलं नव्हतं, ते तोडायची गरजच नव्हती. मेसेज वाटेत बंद असला तरी फोनमध्ये उघडाच पडलेला असतो, आणि तपास यंत्रणेच्या हातात फोन असला की वाटेत काय होतं याला काही अर्थ उरत नाही. व्हॉट्सॲपने त्या दिवसांत दिलेल्या खुलाशाचा रोखही फोनकडेच होता: फोनला भक्कम पासवर्ड ठेवा, बोटाच्या ठशाचं कुलूप वापरा.

माझ्या मते गेल्या दहा वर्षांतला खरा बदल हाच आहे. पाळतीची जागा तारेवरून सरकून फोनवर आली आणि फोनभोवतीच्या नोंदींवर आली. कायदा मात्र बराचसा तारेच्या काळातच उभा आहे.

काय बोललात ते नाही, कोणाशी बोललात ते

मजकूर बंद असला तरी पाकिटावरचा पत्ता दिसतोच. तुम्ही कोणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला, तेव्हा तुमचा फोन कोणत्या टॉवरखाली होता, हँडसेट कोणता होता, या सगळ्याची नोंद टेलिकॉम कंपनीकडे असते. पोलिसांच्या भाषेत याला सीडीआर म्हणतात. डिसेंबर 2021 मध्ये परवान्याच्या अटी बदलल्यापासून ही नोंद किमान दोन वर्षं जपून ठेवावी लागते.

यात एवढं काय, असं वाटेल. एक उदाहरण घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा पत्रकार जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कारकुनाशी मंगळवारी रात्री अकरा मिनिटं बोलतो. गुरुवारी वाळूच्या ठेक्यातल्या गैरव्यवहाराची बातमी छापून येते. बोलणं काय झालं हे कोणालाही ऐकायची गरज नाही. त्या दोन दिवसांचा सीडीआर काढला की कारकून सापडला. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचे प्रमुख राहिलेले मायकेल हेडन 2014 मध्ये एका जाहीर चर्चेत म्हणाले होते की आम्ही मेटाडेटाच्या आधारे माणसं मारतो. मेटाडेटा म्हणजे नेमक्या याच नोंदी. एडवर्ड स्नोडेनने 2013 मध्ये बाहेर काढलेलं पहिलं मोठं प्रकरणसुद्धा संभाषणं ऐकण्याचं नव्हतं. एका अमेरिकी फोन कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांच्या कॉल नोंदी रोजच्या रोज एनएसएकडे जात होत्या, त्याचं ते होतं.

आपल्याकडे फोनवरचं बोलणं ऐकायला गृहसचिवांचा आदेश लागतो. सीडीआरला तो लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 91, पोलीस कंपनीकडून तो मागवू शकतात. आणि ही माहिती सरकारपुरतीच राहते असंही समजू नका. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकणारं रॅकेट उघडकीला आणलं, त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. तपासासाठी साठवलेल्या नोंदी पैसे मोजणाऱ्याच्या हाती जात होत्या. ‘मला काय लपवायचंय’ असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर आठवावं. त्यांच्या नोंदी सरकारला निरुपयोगी असतीलही, पण घटस्फोटाच्या दाव्यातल्या समोरच्या पक्षाला किंवा धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याला तशा नसतात.

व्हॉट्सॲपकडेही अशा नोंदी असतात: तुमचा नंबर, आयपी पत्ता, शेवटचं कधी ऑनलाइन होता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात. सिग्नलने ही बाजू जाणीवपूर्वक रिकामी ठेवली आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने त्यांच्याकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली, तेव्हा त्यांना दोनच गोष्टी देता आल्या: खातं उघडल्याची वेळ आणि शेवटचं जोडलं गेल्याची तारीख. बाकी काही साठवलेलंच नव्हतं. जी माहिती गोळाच केली नाही ती कोणाला द्यावीही लागत नाही, आणि माझ्या लेखी कुठल्याही एन्क्रिप्शनइतकंच हे मोलाचं आहे.

ब्राउझरबद्दल थोडक्यात. पत्त्याची सुरुवात एचटीटीपीएसने होत असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे सहसा कळतं, तिथे काय वाचलंत किंवा लिहिलंत ते कळत नाही. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरमधून बंद वाटेने नेणारी सेवा, घेतलं की साइटचं नावही इंटरनेट कंपनीपासून लपतं, पण तीच माहिती आता व्हीपीएन कंपनीला दिसते. म्हणजे विश्वास एकीकडून उचलून दुसरीकडे ठेवला, इतकंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, त्यानंतर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. फुकटच्या व्हीपीएनपासून तर लांबच राहा. त्यांचा खर्च कुठून निघतो हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

फोन हाच मुख्य दरवाजा

फोनमधला मजकूर बाहेर जाण्याचे तीन मार्ग आहेत, आणि सामान्य माणसाचा संबंध येतो तो मुख्यतः पहिल्या दोनांशी.

पहिला बॅकअप. व्हॉट्सॲपच्या चॅट गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जातात, तिथे मेसेजचं मूळ कवच त्यांच्याबरोबर जात नाही. 2021 च्या ऑक्टोबरपासून बॅकअपही एंड-टू-एंड एन्क्रिप्ट करता येतो, पण तो आपण सुरू करावा लागतो. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, त्यात तो पर्याय आहे. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पासवर्ड विसरलात तर बॅकअप गेला, कंपनीही तो परत देऊ शकणार नाही. तेव्हा तो कुठेतरी नीट लिहून ठेवा. आणि समोरच्याने त्याच्या बॅकअपचं काय केलंय ते तुमच्या हातात नाही, म्हणून नाजूक बोलण्यासाठी मेसेज आपोआप पुसले जाण्याची मुदत लावलेली बरी.

दुसरा मार्ग म्हणजे फोनच ताब्यात घेणं. जप्त फोन उघडून त्यातलं सगळं उतरवून घेणारी उपकरणं जगभरच्या पोलिसांकडे आहेत. इस्रायलच्या सेलेब्राइट कंपनीची त्यातली सर्वांत परिचित. इथे पिनची लांबी कामाला येते. चार आकड्यांच्या पिनच्या दहा हजार शक्यता असतात, सहा आकड्यांच्या दहा लाख. अक्षरं आणि आकडे मिसळून दहा-बारा वर्णांचा पासवर्ड केला तर हिशेबच बदलतो. फोन बंद करून सुरू केला आणि अजून एकदाही उघडला नाही, तर त्यातला बहुतेक मजकूर कुलूपबंद असतो. एकदा उघडून पुन्हा लॉक केलेला फोन त्या मानाने खूप कच्चा. म्हणून विमानतळावर किंवा चौकशीला जाताना फोन बंद ठेवणं शहाणपणाचं. पासवर्ड सांगायची सक्ती पोलीस करू शकतात का, यावर आपल्याकडे एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं की पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. दिल्लीतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयाने 2022 मध्ये उलट निर्णय दिला.

तिसरा मार्ग स्पायवेअरचा. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगासस हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. हे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरलं की एन्क्रिप्शनचा उपयोग संपतो, कारण ते तुमच्याबरोबरच स्क्रीन वाचतं, माइक आणि कॅमेरा सुरू करू शकतं. 2019 मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधल्या एका त्रुटीतून सुमारे 1,400 फोनवर ते सोडलं गेलं. कॉल उचलायचीही गरज नव्हती. त्यातले 121 जण भारतातले असल्याचं व्हॉट्सॲपने सरकारला कळवलं होतं. आम्ही फक्त सरकारांना आणि सरकारी यंत्रणांनाच विकतो, असं एनएसओ सांगत आली आहे. अमेरिकेत व्हॉट्सॲपने लावलेला खटला एनएसओ हरली, आणि 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने तिला व्हॉट्सॲपला लक्ष्य करण्याची कायमची मनाई केली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीने 29 फोन तपासले, पाचांत कसलं तरी मालवेअर सापडलं, पण ते पेगासस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीश रमणा यांनी ऑगस्ट 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितलं. पेगासस विकत घेतलं की नाही, या सरळ प्रश्नाला सरकारने सरळ उत्तर दिलेलं नाही. लोकशाहीत हे मला फार गंभीर वाटतं.

स्पायवेअरबद्दल बोलताना आपण नेहमी माहिती चोरीला जाण्याचा विचार करतो. पण ज्याला तुमच्या यंत्रात येऊन वाचता येतं, त्याला तिथे काही आणून ठेवताही येतं. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या कंपनीने फेब्रुवारी 2021 मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणातल्या एका आरोपीच्या लॅपटॉपचा अहवाल दिला. नेटवायर नावाचं मालवेअर ईमेलमधून त्या लॅपटॉपमध्ये शिरलं, बावीस महिने तिथे राहिलं, आणि आरोपासाठी आधार ठरलेली पत्रं बाहेरून एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, असा त्याचा निष्कर्ष होता. बचाव पक्षाच्या विनंतीवरून झालेला हा अहवाल एनआयएने मान्य केलेला नाही, आणि पत्रं कोणी ठेवली हे अहवालही सांगत नाही. न्यायनिवाडा न्यायालय करेल. पण तांत्रिकदृष्ट्या असं घडू शकतं, यावर वादच नाही. त्यामुळे संगणकाची सुरक्षा ढिली असणं म्हणजे गुपित फुटण्याइतकाच, खोट्या पुराव्याचाही धोका.

तुम्ही पत्रकार, वकील, कार्यकर्ते किंवा माहिती अधिकारात अर्ज करत राहणारे नसाल, तर पेगाससची धास्ती घेऊ नका. ते फार महाग हत्यार आहे. तुमचा फोन बहुतेकदा अनोळखी एपीके (अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या) फाइलमधून फोडला जातो, लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या चलनाचं नाव असलेल्या. अशी फाइल उघडू नका, फोनचे अपडेट आले की त्याच दिवशी टाका, व्हॉट्सॲपमधली ‘लिंक्ड डिव्हायसेस’ची यादी अधूनमधून पाहा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. पण वर सांगितलेल्या वर्गात असाल तर आयफोनमधला लॉकडाउन मोड किंवा नव्या अँड्रॉइडमधलं ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन सुरू करा, स्रोताशी बोलण्यासाठी सिग्नल वापरा, फोन रोज एकदा बंद करून सुरू करा. यातल्या बऱ्याच स्पायवेअरला फोन पुन्हा सुरू झाल्यावर तग धरता येत नाही. ॲपलकडून ‘सरकार पुरस्कृत हल्ल्या’ची सूचना आली, जशी ऑक्टोबर 2023 मध्ये भारतात अनेक विरोधी खासदारांना आली होती, तर फोन फॉरमॅट करू नका. पुरावा त्यातच असतो.

सही कोणाची लागते

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला इंग्रजांच्या 1885 च्या तार कायद्याने दिला. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सांगितलं की फोनवर बोलणं हा खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि गृहसचिवांचा लेखी आदेश, आदेशाला मुदत, आढावा घेणारी समिती अशा अटी घातल्या. इंटरनेटवरच्या संदेशांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69 आहे. त्याखाली सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 20 डिसेंबर 2018 रोजी गृह मंत्रालयाने या कलमाखाली दहा यंत्रणांची नावं जाहीर केली: आयबी, ईडी, सीबीआय, एनआयए, एनसीबी, रॉ, दिल्लीचे पोलीस आयुक्त वगैरे. तार कायद्याची जागा आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने आणि डिसेंबर 2024 च्या नियमांनी घेतली, पण सांगाडा तोच. आदेश गृहसचिव देतात, साठ दिवसांसाठी, वाढवत वाढवत 180 दिवसांपर्यंत. आढावा घेणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही.

समितीच्या कामाचं प्रमाण पाहिलं की या व्यवस्थेतली पोकळी कळते. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या विदासंरक्षण (डेटा संरक्षण) समितीने 2018 च्या अहवालात नोंदवलं की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासायचे असतात. एका बैठकीत अठरा हजार आदेश कोण वाचणार? आपल्या खासगीपणाचं रक्षण म्हणून कागदावर जे आहे ते एवढंच आहे.

24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्याचा प्रत्यक्ष उपयोग कसा होतो, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2019 च्या निकालात दिसलं. लाचेच्या एका प्रकरणात सीबीआयसाठी एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश काढले गेले होते. कायद्याला लागते तशी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची निकड इथे नव्हती, म्हणून न्यायालयाने तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. पण 2023 च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्याने सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्या कायद्यातून सूट देण्याची मुभा ठेवली आहे.

उच्च न्यायालयापर्यंत तो व्यावसायिक पोचू शकला, कारण मुद्रणं खटल्यात पुरावा म्हणून वापरली जात होती आणि फोन ऐकला गेल्याचं त्यामुळे त्याला कळलं. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासात फोन ऐकायला न्यायाधीशाची परवानगी लागते आणि काम संपल्यावर ठरावीक मुदतीत त्या माणसाला कळवावं लागतं. जर्मनीतही न्यायालयाचा आदेश आणि नंतरची सूचना या दोन्ही अटी आहेत. आपल्या नियमांत ऐकलेल्याची नोंद ठरावीक काळाने नष्ट करायची तरतूद आहे. ज्याचं बोलणं ऐकलं त्याला कधीतरी कळवण्याची नाही. ज्याच्याविरुद्ध खटलाच उभा राहिला नाही अशा माणसाने मग कोणता आदेश घेऊन न्यायालयात जायचं, याचं उत्तर 1885 च्या कायद्यात नव्हतं आणि 2024 च्या नियमांतही नाही.